चाक किती बाहेर काढायचं?

अलॉय व्हील घ्यायला दुकानात आलेला माणूस साधारण दोनच गोष्टी विचारतो: चाक किती इंची, आणि भोकं जुळतात का. तिसरा आकडा, म्हणजे ऑफसेट, रिमच्या आतल्या बाजूला कोरलेला असतो. ईटी 35, ईटी 45, असा काहीतरी. तो बहुतेक वेळा कुणी वाचत नाही. चाक लागतं, नट आवळले जातात, गाडी छान दिसते. पण गाडीचं वजन नेमकं कुठून जमिनीत उतरणार, हे ठरतं त्या तिसऱ्या आकड्यावर.

म्हणून खालचा वाद मला मोलाचा वाटतो. वाद मामा-भाच्यातला आहे. मामा एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झाले आणि आता जालन्यात अंबड रस्त्याला टायर-अलाइनमेंटचं छोटं दुकान सांभाळतात. भाचा बियाण्यांच्या कंपनीत फिरतीवर असतो. आज घनसावंगी, उद्या भोकरदन, कधी समृद्धी महामार्गावरून थेट नागपूर. त्याला आपल्या हॅचबॅकला 16 इंची रुंद चाकं लावायची आहेत, आणि ती मडगार्डच्या कडेला बरोबर यावीत म्हणून चारही चाकांमागे 15 एमएमचे स्पेसर. मामांचा स्पेसरला साफ नकार. माझी बाजू पूर्णपणे कुणाचीच नाही. ती मध्ये मध्ये सांगेन.

भाचा: मामा, कंपनीचं चाक बघा, किती आत दडल्यासारखं बसलंय. अंगावर कपडे ढगळ व्हावेत तशी गाडी दिसते.

मामा: आत बसलंय ते उगीच बसलं नाही. आधी सांग, ऑफसेट म्हणजे तू काय समजतोस?

भाचा: रिमच्या रुंदीच्या बरोबर मधून एक रेघ धरायची. रिम हबला जिथं टेकते ती चपटी जागा दुसरी. दोन्हींमधलं अंतर एमएममध्ये मोजलं की तो ऑफसेट. टेकायची जागा मधल्या रेघेच्या बाहेरच्या अंगाला असली की ऑफसेट अधिक, आतल्या अंगाला असली की उणे, बरोबर रेघेवर असली की शून्य. आकडा जितका कमी, तितकं चाक बाहेर.

मामा: बरोबर. आता स्टँडवर जाऊन एसटी बघ. पुढचं चाक बाहेरून फुगीर दिसतं, मागचं खोलगट. रिम एकच हाय. मागं जोडचाकं असतात. त्यातलं आतलं पुढच्यासारखंच बसतं, बाहेरचं उलटं करून. दोघांची टेकायची तोंडं एकमेकांना भिडवतात. दोन टायरांच्या मधी जी फट राहते ती ऑफसेटनं दिलेली. म्हणून एकच स्टेपनी सहाही जागी चालते.

भाचा: म्हणजे एसटी स्वतःच चाक उलटं करून लावते! आणि आपल्याकडं ट्रॅक्टरला काय करतात? कापसात डवरणीला जायचं असलं की मागच्या चाकाची डिश उलटी करायची, रिमचे कान दुसऱ्या बाजूला घ्यायचे, आणि दोन चाकांमधलं अंतर ओळींना जुळवायचं. शेतकरी हे कधीपासून करतोय. मग माझ्या गाडीनंच काय पाप केलं?

मामा: ट्रॅक्टरच्या पुस्तकात त्याचा तक्ता छापलेला असतो. डिश अशी आणि रिम अशी लावली तर चाकांमधलं अंतर इतकं. कंपनीनं आस आणि बेअरिंग त्या सगळ्या जागा धरूनच बनवलेत. वर ट्रॅक्टर पळतो ताशी 25-30 नं. तुझ्या गाडीच्या पुस्तकात असला तक्ता दाखव, मी आत्ता चाकं काढतो.

मामांचं हे उत्तर मला सगळ्या वादाचा कणा वाटतं. चाक आत-बाहेर करणं यात मुळात गैर काहीच नाही. प्रश्न असतो तो हिशेब कुणी केला आहे आणि किती मर्यादेपर्यंत केला आहे, हा. ट्रॅक्टरचा हिशेब कारखान्यात होऊन येतो. कारच्या बाबतीत कारखान्यानं एकच जागा नक्की केलेली असते, आणि ती बदलली की हिशेबाची जबाबदारी मालकावर येते. भाच्याच्या बाजूनं एवढं नक्की म्हणेन की त्यानं ती जबाबदारी टाळली नाही. त्यानं कागद काढला.

भाचा: माझी मूळ रिम 6 इंच रुंद, ईटी 45. सहा इंच म्हणजे 152.4 एमएम, निम्मे 76.2. हबच्या तोंडापासून रिमची बाहेरची कड 76.2 उणे 45, म्हणजे 31.2 एमएमवर. आतली कड 76.2 अधिक 45, म्हणजे 121.2 वर. बरोबर?

मामा: पुढं बोल.

भाचा: नवीन रिम 7 इंच, ईटी 35. निम्मी रुंदी 88.9. बाहेरची कड 53.9 वर, आतली 123.9 वर. म्हणजे चाक बाहेर आलं 22.7 एमएम आणि आत सरकलं फक्त 2.7. शॉकपला घासायची भीतीच नाही.

मामा: आणि आता तुझा स्पेसर घाल.

भाचा: पंधराचा घातला की ऑफसेट 35 वरून 20 झाला. बाहेरची कड 68.9 वर. मूळ चाकापेक्षा 37.7 एमएम बाहेर.

मामा: कडेचं सोड. मधली रेघ किती सरकली ते सांग.

भाचा: पंचेचाळीसातून वीस गेले. पंचवीस.

मामा: एका बाजूला पंचवीस. दोन्ही धरले तर चाकांमधलं अंतर पन्नास एमएमनं वाढलं. तू बाहेरच्या कडेचा हिशेब केलास, कारण डोळ्याला कड दिसते. गाडीला मधली रेघ लागते. वजन तिच्यावरनं खाली जातं.

ही चूक फार जण करतात. रिम रुंद झाल्यानं कड बाहेर येते ते वेगळं, आणि ऑफसेट घटल्यानं मध्यरेषा बाहेर जाते ते वेगळं. पहिल्यात टायर मडगार्डला किंवा शॉकपला घासेल की नाही एवढाच प्रश्न असतो, आणि तो टेपनं मोजून सुटतो. दुसऱ्यात स्टिअरिंग आणि बेअरिंग येतात. तिथं टेप पुरत नाही.

मामा: स्टिअरिंग वळवलं की चाक कशाभोवती फिरतं? शॉकपच्या वरच्या टेकूपासून खालच्या बॉल जॉइंटपर्यंत एक तिरकी रेघ धर. ती खाली जमिनीपर्यंत वाढव. ती जमिनीला कुठं लागते आणि टायरच्या ठशाचा मध्य कुठं येतो, त्या दोन जागांमधलं अंतर म्हणजे स्क्रब रेडियस. कारखान्यानं ते काही मिलिमीटरांत बसवलेलं असतं. तू एका फटक्यात 25 एमएमनं बदलायलास.

भाचा: बदललं तर होतं काय? चाक थोडं जड वळेल.

मामा: अंबडहून घनसावंगीकडं पावसाळ्यात गेलास की समोरून ट्रक येतो. तू डाव्या अंगाची चाकं खाली साइडपट्टीवर घालतोस. डावीकडं काळ्या मातीचा चिखल, उजवीकडं डांबर. त्यात ब्रेक मारलास. उजवं चाक घट्ट धरतं, डावं घसरतं. टायरचा मध्य त्या रेघेच्या आतल्या अंगाला असला तर उजव्या चाकाचा ब्रेक स्टिअरिंगला डावीकडं, म्हणजे गाडी ओढली जाते त्याच्या उलट वळवतो. गाडी आपोआप सावरते. बाहेरच्या अंगाला गेला तर तोच ब्रेक स्टिअरिंग उजवीकडं खेचतो. म्हणजे समोरच्या ट्रककडं.

भाचा: हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण असं डोळ्यासमोर आणलं नव्हतं.

इथं थोडी भर घालतो. आतल्या अंगाला ठेवलेल्या या रचनेला उणे स्क्रब रेडियस म्हणतात. 1972 साली आलेल्या ऑडी 80 या गाडीनं ती युरोपात ठळकपणे पुढे आणली. तिचा मोठा उपयोग तिरक्या जोडणीच्या ब्रेकमध्ये होतो. एक पुढचं आणि समोरच्या कोपऱ्यातलं मागचं चाक एका नळीवर असतं, दुसरी जोडी दुसऱ्या नळीवर. एक नळी फुटली तर पुढचं एकच चाक ब्रेक धरतं, आणि तरीही गाडी बरीचशी सरळ थांबते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या कित्येक छोट्या गाड्यांत आज हाच विचार आहे. ऑफसेट 25 एमएमनं घटवणारा माणूस ही तरतूद नकळत काढून टाकतो. स्पेसर घालून काढली काय किंवा कमी ऑफसेटची रिम घेऊन काढली काय, परिणाम एकच.

आणि याच मुद्द्यावर भाच्यानं मामांना पकडलं, ते योग्यच केलं.

भाचा: मग मामा, तुमचा राग स्पेसरवर कामून? ईटी 20 ची रिम थेट विकत घेतली तरी स्टिअरिंगचं तेच होणार. बेअरिंगचंही तेच होणार. तुम्ही मागच्या महिन्यात एकाला कमी ऑफसेटची चाकं लावून दिली, तेव्हा काही बोलला नाहीत.

मामा: बोललो. त्यानं ऐकलं नाही. पण तुझं खरं हाय. बेअरिंगला स्पेसर दिसत नाही, त्याला फक्त भार कुठून येतो ते कळतं.

भाचा: आणि जर्मनीत पोर्शे कंपनी काही गाड्यांना कारखान्यातूनच 5 एमएमचे स्पेसर द्यायची, लांब बोल्टांसकट. ती काय वेडी होती?

मामा: कारखान्यानं दिले म्हणजे त्यानं हिशेब केला, चाचणी केली. माझं भांडण कारखान्याशी नाही.

भाचा: मग जर मी 7 इंची रिम ईटी 45 ची घेतली, तर मध्यरेषा जागची हलणार नाही. पण रिम आत 12.7 एमएम सरकेल आणि कदाचित शॉकपला लागेल. तिथं 5 एमएमचा स्पेसर घातला तर ऑफसेट 40 होतो. मूळ 45 पासून फक्त पाचचा फरक. हे ईटी 35 पेक्षा बरं की नाही?

मामा: (बराच वेळ कागद बघून) बरं हाय.

मामांनी इतक्या सरळपणे मान्य केलं याचं मला कौतुक वाटलं. स्पेसर चांगला की वाईट, हा प्रश्नच अर्धवट आहे. रिमवरच्या ईटीतून स्पेसरची जाडी वजा करायची आणि उरेल तो आकडा मूळ आकड्याशी ताडायचा. रुंद रिमला जागा द्यायला किंवा मोठ्या ब्रेक कॅलिपरपासून रिम दूर ठेवायला स्पेसर वापरणं आणि नुसतं चाक बाहेर दिसावं म्हणून वापरणं, या दोन गोष्टी एका मापानं मोजता येणार नाहीत.

बेअरिंगबद्दलही नेमकं बोलायला हवं, कारण गॅरेजमध्ये याविषयी दोन्ही टोकांची मतं ऐकू येतात. आजच्या कारच्या हबमध्ये गोळ्यांच्या दोन ओळी असतात आणि चाकाचा भार दोघींच्या मधोमध पडावा अशी मूळ मांडणी असते. मध्यरेषा बाहेर गेली की बाहेरची ओळ जास्त झिजते. गोळ्यांच्या बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या प्रमाणात घटतं. भार 10 टक्के वाढला तर आयुष्य साधारण पाव भागानं कमी होतं, 25 टक्के वाढला तर जवळजवळ निम्मं. म्हणून पाच एमएमनं बेअरिंग दुसऱ्या दिवशी वाजत नाही, आणि पंचवीसनंही वाजत नाही. वाजतं ते दोन पावसाळ्यांनी, आणि तोवर चाकं कधी बदलली होती हे कुणाच्या ध्यानातही नसतं.

मामा: आता स्पेसरचं जे स्पेसरचंच हाय ते ऐक. चाक नटांवर लोंबत नाही. नट चाकाला हबवर दाबून धरतात. दोन तोंडं एकमेकांवर घट्ट दाबली की त्या घर्षणावर चाक चालतं. तू मधी आणखी एक चकती घातलीस म्हणजे एकाच्या जागी दोन सांधे झाले. गंज, रंग, माती, काहीही मधी राहिलं तर आठ दिवसांत ते दबतं आणि नट सैल होतो.

भाचा: साफ करून लावायचं, आणि 50-100 किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क बघायचा.

मामा: बघतो कोण? दुसरं, आटे. पाच एमएमची सुटी चकती घातली की नटाला तेवढे आटे कमी मिळतात. 12 एमएमच्या स्टडवर नट किमान 12 एमएम तरी चढायला पाहिजे. दीडचा पिच असला तर 8 फेरे, सव्वाचा असला तर 9-10. हातानं मोजायचे. कमी भरले तर लांब स्टड टाकायचे, नाहीतर स्पेसर काढायचा. तिसरी वाट नाही.

भाचा: पंधराच्या वर गेलं की चकतीलाच स्वतःचे स्टड असतात. ती हबला बोल्ट होते आणि चाक तिला.

मामा: होते. पण पंधराच्या चकतीत हबचे जुने स्टड कधी कधी बाहेर डोकावतात आणि रिमच्या पाठीला लागतात. चाक टेकल्यासारखं वाटतं, टेकलेलं नसतं. रिमला मागं खोबण असेल तरच चालतं. तू जे पंधराचे आणायला निघालास ते धड इकडचे नाहीत, धड तिकडचे नाहीत.

भाचा: तयार नाही मिळाले तर लेथवर काढून घेऊ. जालन्याला लोखंडाची काय कमी? सळईच्या गिरण्यांचं गाव आपलं. एमआयडीसीत दुपारपर्यंत चार चकत्या हातात येतील.

मामा: लेथवाल्याचा हात चांगला हाय, त्याबद्दल बोलत नाही. पण तो अ‍ॅल्युमिनियम कुठलं घेतो? भंगार वितळवून ओतलेलं असलं तर आत फुगे असतात. आणि दोन्ही तोंडं समांतर पाहिजेत. दीडशे एमएमच्या चकतीत 0.2 एमएमचा फरक राहिला, तर टायरच्या कडेला तो जवळपास एक एमएम होतो. अलाइनमेंटच्या मशिनवर मी कितीही आकडे जुळवले तरी ते चाक लडबडणार.

इथं मी पूर्णपणे मामांच्या बाजूचा आहे. 185/65 आर 15 टायरचा व्यास साधारण 621 एमएम, म्हणजे एका किलोमीटरला चाकाचे पाचशेच्या वर फेरे. समृद्धीवर कारला ताशी 120 ची मुभा आहे. त्या वेगाला चाक मिनिटाला हजारावर फेरे घेतं, आणि प्रत्येक फेऱ्यात चकतीच्या प्रत्येक भागावर ताण येतो आणि उतरतो. धातू एका दणक्यानं तुटतो त्यापेक्षा अशा लाखो छोट्या वाकण्यांनी थकून तुटतो. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि जालन्यातल्या गाड्यांना पहिल्यांदा हाताशी असा रस्ता मिळाला, जिथं हा वेग तासन्‌तास टिकतो. भोकरदन रस्त्यावर सत्तरनं जाणाऱ्या गाडीत जी चूक वर्षानुवर्षं खपते ती तिथं खपेलच असं नाही. चकती घ्यायचीच तर 6061-टी6 सारख्या प्रतीच्या धातूची आणि त्या गाडीच्या मापाची घ्यावी, हबवर नेमका बसणारा गळा असलेली.

गळ्याचा विषय निघालाच आहे म्हणून थोडक्यात. चाक मध्यावर धरतं ते हबचं मधलं उंच वर्तुळ. मारुती-सुझुकीच्या 4×100 भोकांच्या छोट्या गाड्यांत ते 54.1 एमएम, ह्युंदाईच्या पाच भोकांच्या गाड्यांत 67.1. बाजारातल्या पुष्कळ अलॉयना मधलं भोक 73.1 चं ठेवतात, म्हणजे कुठल्याही गाडीला चालावं. मधली फट भरायला कडं लागतं. ते नसलं की नव्वदच्या पुढं स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस पुन्हा पुन्हा बॅलन्सिंगला पैसे देत राहतो. नटाच्या बैठकीचंही तसंच: कोनाच्या बैठकीला कोनाचा नट, गोल बैठकीला गोल. जुना नट नव्या रिमला लागतो म्हणजे बसतो असं नाही.

भाचा: कायद्याचं काय? आरसी बुकात ऑफसेट लिहिलेला नसतो.

मामा: तुझ्या कायद्याचं मला फारसं कळत नाही.

मामांच्या वतीनं मी सांगतो. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 म्हणतं की कंपनीनं मुळात ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकानं गाडीत करू नये. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम 182अ मध्ये कायद्याला मान्य नसलेल्या प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. ऑफसेटचा आकडा आरसीत नसला तरी अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेयर गाडीखाली वाकून बघतो. अलॉय लावले की विमा कंपनीला लेखी कळवावं, एवढं तरी करावंच.

भाचा: बरं, मग तुम्ही सांगा. चाकं तर मी घेणार.

मामा: चाकं घे, कोण नाही म्हणतंय? साडेसहा इंची घे, 16 ची. टायर 195/55. तुझ्या आत्ताच्या 15 इंची टायरशी व्यास जुळतो, मीटर खोटं दाखवणार नाही. ईटी 40 मिळाला तर?

भाचा: (पुन्हा कागदावर) निम्मी रुंदी 82.55. बाहेरची कड 42.55. मूळच्या पुढं 11.35 एमएम. आत 1.35 सरकलं. मध्यरेषा पाच बाहेर.

मामा: पाचला मी काही म्हणत नाही. अकरा एमएम बाहेर म्हणजे मडगार्डच्या बऱ्यापैकी जवळ येतं. स्पेसरची गरज कुठं राहिली?

भाचा: पण जुन्या बाजारातून घेतलं आणि कोरलेला आकडा रंगाखाली बुजलेला असला तर?

मामा: चाक पालथं टाक. मागच्या दोन्ही कडांवर सरळ पट्टी ठेव. पट्टीपासून हबला टेकायच्या तोंडापर्यंत खोली मोज. मग रिमची एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पूर्ण रुंदी मोज. ती लिहिलेल्या रुंदीपेक्षा इंचभर जास्त भरते, गोंधळू नको. खोलीतून पूर्ण रुंदीचा निम्मा आकडा वजा कर, तो ऑफसेट. खोली 137 आणि पूर्ण रुंदी 203 आली, तर?

भाचा: साडेपस्तीस, म्हणजे साधारण पस्तीस.

मामा: आणि मागं जेडब्ल्यूएलचं किंवा आयएसआयचं चिन्ह आणि किती किलोचा भार घेते ते कोरलेलं नसलं, तर ती रिम उचलू नको, फुकट दिली तरी.

भाच्याला अजून मागच्या दोन चाकांचं पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, मागं स्टिअरिंगच नाही, तर 5 एमएमचा गळ्याचा स्पेसर घातला तर स्क्रबचा प्रश्न येतो कुठं. हा मुद्दा बिनबुडाचा नाही. मागं बेअरिंगचा आणि आट्यांचा हिशेब उरतो, स्टिअरिंगचा नाही. मामा म्हणाले, आधी चाकं बसव, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरव, मागं चार माणसं बसवून भोकरदन रस्त्याच्या खड्ड्यांतून एक फेरी मार, मडगार्डच्या आत खडूनं खूण करून टायर कुठं लागतो ते बघ, आणि मग मागच्याचं बोलू. त्यावर भाच्यानं दुकानदाराला मोबाइलवर निरोप टाकला: 16×6.5, 4×100, ईटी 38 ते 42, मधलं भोक 54.1 किंवा कड्यासकट, नट बैठकीप्रमाणे, आणि चाकाच्या मागच्या बाजूचा फोटो.